वाळुंजाच्या काड्या, शर्टाचं कापड आणि दोन हजार उड्डाणं

१० ऑगस्ट हा ऑटो लिलिएन्थाल यांचा स्मृतिदिन. १८९६ साली याच दिवशी बर्लिनच्या दवाखान्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८. आदल्या दिवशी ते स्वतः बांधलेल्या ग्लायडरसह टेकडीवरून कोसळले होते. विमानाचा शोध म्हटला की आपल्याला राइट बंधू आठवतात. शाळेच्या पुस्तकातही तेच नाव. पण राइट बंधूंनी ज्यांचं लिखाण वाचून आणि ज्यांचे आकडे तपासून कामाला हात घातला, ते लिलिएन्थाल मात्र आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाहीत.

हल्ली रिमोटवर उडणारं ग्लायडरचं मॉडेल बनवायचा नाद बऱ्याच पोरांना लागलाय. कुणी फोमच्या शीटचं करतो, कुणी बाल्सा लाकडाचं. हलका सांगाडा, त्यावर ताणलेलं आवरण, किंचित बाक दिलेला पंख, जागच्या जागी बसवलेलं वजन. या मॉडेलमधल्या बऱ्याचशा गोष्टी या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्ण आकारात बांधल्या आणि स्वतः त्यात लटकून तपासल्या. त्यांच्या ग्लायडरमध्ये एकच गोष्ट कमी पडली आणि तीच त्यांच्या जिवावर बेतली. ती गोष्ट कोणती, हे मॉडेल बनवणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवं. म्हणून हा लेख.

करकोच्यांचं गाव

ऑटो यांचा जन्म २३ मे १८४८ चा. गाव आंक्लाम. त्या वेळच्या प्रशिया राज्यात, आताच्या जर्मनीच्या ईशान्य कोपऱ्यात. वडील कापडाचे व्यापारी. घरात आठ लेकरं जन्मली, पण त्यातली तीनच जगली. ऑटो, त्याच्यापेक्षा वर्षभराने धाकटा गुस्ताव आणि बहीण मारी. अमेरिकेला जाऊन नशीब काढायचं वडिलांच्या मनात होतं. पण जायच्या आधीच, १८६१ साली ते वारले. पुढे आईने एकटीने तिघांना वाढवलं आणि दोन्ही पोरांना शिकवलं.

आंक्लामच्या भोवती पाणथळ कुरणं. तिथं उन्हाळ्यात करकोचे यायचे. एवढा मोठा, लांब पायांचा पक्षी. जमिनीवरून उठताना वाऱ्याला तोंड करून पळतो, पंख पसरतो आणि वर जातो. एकदा वर गेला की पंख न हलवता कितीतरी वेळ गोल गोल फिरत राहतो. आपल्या रानावर घार फिरते तसाच. दोघा भावांनी ते तासन्‌तास बघितलं. मग घरीच पातळ फळ्यांचे पंख केले, हाताला बांधले आणि उतारावरून पळून पाहिलं. सोबतची पोरं हसतील म्हणून हे सगळं रात्री, अंधारात. उडणं काही झालं नाही. पण वाऱ्याच्या तोंडावर पळायचं, पाठ देऊन नाही, हे करकोच्याकडून तेव्हाच शिकून झालं.

पुढे ऑटो पोट्सडामच्या तंत्रशाळेत गेले. बर्लिनच्या एका यंत्रकारखान्यात हाताला काळं लावून काम शिकले आणि मग बर्लिनच्या तंत्र अकादमीत दाखल झाले. १८६७-६८ च्या सुमारास भावांनी पंख फडफडवणारं यंत्र केलं. माणूस पायाने दाबून पंख हलवायचा. यंत्र दोराने कप्पीवरून टांगलेलं आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन. माणूस आणि यंत्र मिळून ८० किलो भरायचे. जिवाच्या आकांताने पाय मारल्यावर त्यातले ४० किलो कसेबसे उचलले जायचे, तेही थोडा वेळ. उरलेले ४० दुसऱ्या टोकाचं वजन उचलायचं. माणसाच्या अंगातली ताकद फडफडून उडायला पुरणार नाही, हे आकड्यांत कळलं. १८७० साली शिक्षण संपलं आणि लगेच फ्रान्सबरोबरच्या युद्धात ऑटो स्वयंसेवक म्हणून गेले. परत आले ते थेट याच कामाकडे.

आधी मोजमाप, मग उडी

त्या काळी उडायचा प्रयत्न करणारे ते एकटेच नव्हते. पण बहुतेक लोक आधी यंत्र बांधायचे आणि मग उंचावरून उडी टाकायचे. लिलिएन्थाल यांनी क्रम उलटा धरला. आधी पंख म्हणजे काय ते समजून घ्यायचं, मग यंत्र. ही समजून घेण्याची वर्षं थोडीथोडकी नव्हती. पहिल्या मोजमापापासून पहिल्या उड्डाणापर्यंत सतरा वर्षं गेली.

१८७४ च्या सुमारास भावांनी एक फिरतं यंत्र उभं केलं. उसाचा चरक ज्यांनी बघितलाय त्यांना ते लगेच कळेल. मधोमध खांब, त्यावर आडवी लाट, आणि लाटेच्या टोकाला बैलाऐवजी पंखाचा नमुना. वजन खाली सोडलं की लाट फिरायची. पंख हवेतून किती वर उचलला जातो आणि किती मागे ओढला जातो, हे दोन्ही मोजायचं. पंखाचा कोन थोडा बदलायचा, परत फिरवायचं, परत मोजायचं. याशिवाय मोकळ्या माळावर वाऱ्यात वावडीसारखे नमुने सोडूनही त्यांनी मापं घेतली.

यातून हाती लागलेली गोष्ट म्हणजे पंखाचा बाक. सपाट फळी वाऱ्यात तिरपी धरली तर थोडी उचल मिळते, पण मागे खेचणारा जोरही भरपूर असतो. तीच फळी पक्ष्याच्या पंखासारखी वरच्या बाजूला किंचित फुगीर केली की उचल कितीतरी वाढते आणि ओढ त्या मानाने कमी राहते. बाक किती, तर पंखाच्या रुंदीच्या बाराव्या हिश्श्यापर्यंत. आज कोणत्याही मॉडेलच्या पंखाला आडवा छेद दिला तर तीच फुगीर रेषा दिसते.

हे सगळं त्यांनी दडवून ठेवलं नाही. १८८९ साली पक्ष्यांच्या उडण्यावरून माणसाच्या उडण्याचं शास्त्र मांडणारं पुस्तक छापलं, त्यात आकडे, तक्ते, आलेख सगळं दिलं. छापल्या हजार प्रती. त्यांच्या हयातीत त्यातल्या तीनशेही खपल्या नाहीत. पण ज्यांना हवं होतं त्यांच्यापर्यंत ते पुढे पोचलं.

कारखाना चालवून केलेला नाद

लिलिएन्थाल यांना उडण्यासाठी कुणी पैसे दिले नाहीत. पोट भरायचा धंदा वेगळा होता. खाणीत कोळसा फोडायच्या यंत्राचं त्यांनी पेटंट घेतलं. १८७८ साली खाणकामगाराची मुलगी आग्नेस फिशर हिच्याशी लग्न झालं. पुढे चार मुलं झाली.

भावांनी मिळून लहान मुलांसाठी खेळण्याच्या विटाही तयार केल्या होत्या. वाळू, खडू आणि जवसाचं तेल एकत्र दाबून केलेल्या. पण धंदा जमेना. अखेर १८८० साली ती कृती एक हजार मार्कांना विकून टाकली. ज्याने घेतली त्या रिख्टर नावाच्या कारखानदाराने त्याच विटा अँकर या नावाने जगभर विकून मोठी कमाई केली. कृती ज्याची, त्याच्या हाती हजार मार्क; पैसा दुसऱ्याचा. शेतमाल विकणाऱ्याला हे काही वेगळं समजावून सांगायला नको.

पुढचा डाव मात्र लागला. वेटोळ्या नळ्यांचा एक छोटा वाफेचा बॉयलर त्यांनी काढला. मोठे बॉयलर फुटून माणसं मरायची, त्या मानाने हा सुरक्षित. छोट्या कारखानदारांना परवडणारा. त्यावर बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना उभा राहिला. १८९० पासून नफ्याचा २५ टक्के हिस्सा कामगारांना द्यायची पद्धत त्यांनी सुरू केली. त्या काळात हे फार कमी ठिकाणी होतं. नाटकाचंही वेड होतं. गरिबांना स्वस्तात तिकीट मिळावं म्हणून बर्लिनमधल्या एका नाट्यगृहाच्या कारभारात ते पडले, स्वतः एक नाटकही लिहिलं.

आठवडाभर कारखाना आणि सुट्टीच्या दिवशी ग्लायडर, असं ते चाललं होतं. कारखान्यातलेच कारागीर ग्लायडर बांधायला हात लावायचे. पाउल बायलिश हा कारागीर तर शेवटच्या दिवसापर्यंत सोबत होता.

सांगाडा आणि कापड

आता ग्लायडरच्या बांधणीकडे येऊ. मॉडेल बनवणाऱ्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

सांगाड्याचं लाकूड होतं विलो. क्रिकेटची बॅट होते तेच. आपल्या नदी-ओढ्याच्या काठी वाळुंज असतो, ते याच जातीतलं झाड. विलोच्या सोललेल्या काठ्या हलक्या, लवचीक आणि वाकवल्या तरी चटकन न मोडणाऱ्या. पडलं-झडलं तर मोडलेली काठी काढून दुसरी घालता यायची. लोखंडाचा कारखाना घरचा असूनही त्यांनी पंखात लोखंड घातलं नाही. ताण द्यायला तारा तेवढ्या वापरल्या.

पंखाची रचना वटवाघळासारखी. एका जागेपासून काठ्या पंजासारख्या पसरलेल्या. त्यामुळे पंख मिटता यायचा. मिटवून रेल्वेत घालायचा, पुढे घोडागाडीवर टाकायचा आणि टेकडीखाली परत उघडायचा. पंखाचा बाक कायम राहावा म्हणून कापडाला खिसे शिवून त्यात वाकवलेल्या पट्ट्या सरकवायची सोय होती. मॉडेलमध्ये आपण ज्याला रिब म्हणतो, त्याचंच हे काम.

आवरण म्हणजे साधं सुती शर्टाचं कापड. पण नुसत्या कापडातून हवा आरपार जाते आणि जेवढी हवा झिरपली तेवढी उचल गेली. म्हणून कापडावर कोलोडियनचा लेप द्यायचा. हे एक चिकट द्रव रसायन, फोटोग्राफर आणि डॉक्टर वापरायचे. वाळलं की पातळ पापुद्रा धरतो, छिद्रं बुजतात आणि कापड ताणून बसतं. पुढे विमानाच्या कापडावर डोप नावाचा लेप देऊ लागले, तो याच्याच कुळातला. आज मॉडेलवर जी प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने चिकटवून गरम करून आवळतात, तिचंही काम तेच. हवा अडवायची, सांगाडा आवळून धरायचा आणि वजन वाढू द्यायचं नाही.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं ग्लायडर १८९४ सालचं. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ६.७ मीटर, पंखाचं क्षेत्र १३ चौरस मीटर आणि वजन फक्त २० किलो. म्हणजे अर्धं पोतं गहूसुद्धा त्याहून जड. हे त्यांनी एकसारखं अनेकदा बांधून विकलं. किंमत ५०० मार्क. किमान नऊ जणांनी घेतलं. त्यात रशियातले प्राध्यापक झुकोव्स्की होते, इंग्लंडचा पर्सी पिल्चर होता आणि अमेरिकेतले वृत्तपत्रमालक हर्स्टही होते. एकाच नमुन्यावर बांधून विकलेलं जगातलं पहिलं उडतं यंत्र म्हणून याची नोंद आहे.

दोन हातांपासून अडीचशे मीटरपर्यंत

उडायची सुरुवात घराच्या बागेतून झाली. एका उंच फळीवरून उडी मारायची, पंखांनी ती थोडी लांबवायची आणि खाली यायचं. फळी आधी बुटकी, मग जरा उंच. १८९१ मध्ये पोट्सडामच्या पुढे डेरविट्झ गावाजवळच्या उतारावर ते गेले. तिथं उडी २५ मीटरपर्यंत गेली. माणूस वाऱ्यावर तरंगत सुखरूप उतरला. तेही एकदा नाही, परत परत. पुढच्या दोन वर्षांत बर्लिनजवळच्या जागा पाहिल्या. १८९३ पासून रिनोच्या टेकड्यांवर जाऊ लागले. तिथं उतार मोठा, गवत मऊ आणि सगळ्या बाजूंनी वारा मोकळा. तिथली उड्डाणं २५० मीटरपर्यंत गेली.

दर वेळी रेल्वेने लांब जाणं परवडेना. म्हणून १८९४ साली बर्लिनच्या लिख्टरफेल्ड भागात, घराजवळच, वीटभट्टीच्या टाकाऊ मातीची १५ मीटर उंच टेकडी त्यांनी करून घेतली. चहूबाजूंनी सारखा उतार. वारा कुठूनही येवो, त्याच्याकडे तोंड करून पळता यावं म्हणून. माथ्यावर ग्लायडर ठेवायची खोली. ती टेकडी आजही आहे, त्यांचं स्मारक म्हणून जपलेली.

चांगला वारा असला की ते उडी घेतल्या जागेपेक्षाही वर जायचे आणि काही क्षण एकाच जागी हवेत थांबायचे. लोक बघायला गर्दी करायचे. फोटोग्राफर यायचे. वेगाने हलणाऱ्या वस्तूचा स्पष्ट फोटो घ्यायची सोय तेव्हा नुकतीच झाली होती. ते फोटो जगभरच्या नियतकालिकांत छापून आले. माणूस उडू शकतो, हे अनेकांना पहिल्यांदा त्या फोटोंमुळे पटलं.

पाच वर्षांत त्यांनी दोन हजारांहून जास्त उड्डाणं केली. पण सगळी मिळून हवेतला वेळ मोजला तर तो जेमतेम पाच तास. एक उड्डाण म्हणजे काही सेकंदांचा खेळ. एवढ्याशा सरावावर तोल शिकायचा होता.

तोलाचं गणित

इथंच ती कमी पडलेली गोष्ट येते.

लिलिएन्थाल ग्लायडरमध्ये बसत नसत, पालथे झोपतही नसत. दोन्ही हातांची कोपरं पंखाच्या मधल्या चौकटीत अडकवायची आणि छातीपासून खालचं अंग मोकळं लोंबतं ठेवायचं. ग्लायडर डावीकडे कलला की पाय उजवीकडे टाकायचे. नाक खाली गेलं की पाय मागे. नाक वर उठलं की पाय पुढे. एवढाच त्यांचा ताबा. मागे शेपटी होती, उभी आणि आडवी दोन्ही, पण ती हाताने वळवायची नव्हती.

बैलगाडीत माल भरणाऱ्याला हे सहज कळेल. माल पुढे जास्त झाला तर धुरेवर जड, बैलांच्या मानेवर ओझं. मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, धूर वर उठते. मधोमध बसला तर गाडी बोटावर चालते. आता अशी कल्पना करा की गाडी चालू आहे, रस्ता खालीवर आहे आणि तोल सांभाळायला गाडीवानाला फक्त आपलंच अंग पुढेमागे सरकवायचं आहे. सपाटीला जमेल. मोठा खड्डा आला तर नाही जमणार. वाऱ्यातही असे खड्डे आणि उंचवटे असतात, फक्त ते दिसत नाहीत.

हा धोका त्यांना माहीत नव्हता असं नाही. १८९४ साली एकदा ग्लायडर नाकावर खाली आलं. त्या वेळी पुढे विलोच्या काठीचं अर्धगोल कडं लावलेलं होतं. जमिनीचा पहिला मार त्याने घेतला, कडं मोडलं आणि माणूस वाचला. मग १८९५ मध्ये एकावर एक दोन पंखांचं ग्लायडर केलं. पंख आखूड झाले की अंग हलवून तोल सांभाळणं सोपं जातं, हा त्यामागचा विचार. सोबतच पंखांची टोकं फडफडवणारं, दाबलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं इंजिन लावलेलं यंत्रही बांधायला घेतलं होतं. म्हणजे काम थांबलं नव्हतं. जे चुकतंय ते शोधणं चालू होतं आणि प्रत्येक प्रयोगाची हकिकत ते प्रोमिथियस वगैरे नियतकालिकांत लिहीत होते.

९ ऑगस्ट १८९६

तो रविवार होता. ऊन स्वच्छ होतं. लिलिएन्थाल बायलिशला घेऊन रिनोजवळच्या श्टोल्न गावच्या गोलेनबर्ग टेकडीवर गेले. ग्लायडर तेच, १८९४ च्या नमुन्याचं. आधीचं उड्डाण नीट झालं.

मग पुन्हा उडी घेतली. ग्लायडर हवेत गेलं आणि मध्येच जणू थांबलं. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा लोट वर उठतो, आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळ उठते त्याचंच हे सौम्य रूप. अशा झोताने नाक वर गेलं की पुढचा वेग मरतो. वेग मेला की पंखाची उचल जाते. त्यांनी नाक खाली आणायला पाय पुढे झोकले. पण तोवर उशीर झाला होता. ग्लायडर नाकावर उलटलं आणि साधारण १५ मीटरवरून सरळ खाली आलं. नाक एकदा जमिनीकडे सरळ झालं की लोंबत्या पायांनी ते उचलणं कुणालाच शक्य नव्हतं.

मानेचा मणका मोडला होता. सुरुवातीला ते शुद्धीवर होते. बायलिशने घोडागाडीतून त्यांना श्टोल्नला नेलं, डॉक्टरांना दाखवलं. मग शुद्ध हरपली. रेल्वेने बर्लिनला आणलं, तिथल्या नावाजलेल्या शल्यविशारदाच्या दवाखान्यात ठेवलं. १० ऑगस्टला प्राण गेला. मागे आग्नेस आणि चार मुलं. बर्लिनच्या लांकविट्झ स्मशानभूमीत त्यांना पुरलं.

पुढं काय झालं

त्यांच्या मृत्यूची बातमी तारेने जगभर गेली. अमेरिकेत डेटन गावी सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने ती वाचली. धाकटा भाऊ ऑर्व्हिल तेव्हा टायफॉइडने अंथरुणाला खिळलेला होता. त्या बातमीने दोघांचं लक्ष पुन्हा उडण्याकडे वळलं. दोघांनी लिलिएन्थाल यांचं जे मिळेल ते वाचून काढलं.

राइट बंधूंनी त्यातून दोन गोष्टी घेतल्या. एक, बाकदार पंख आणि आकडे. दोन, कमतरता कुठं आहे ते. अंग हलवून तोल सांभाळणं पुरणार नाही, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरलं. पुढे एक आडवा पंख लावून नाक वर-खाली करायची सोय केली. पंखाची टोकं तारेने पिळून डावा-उजवा तोल सांभाळायची सोय केली. नंतर मागचं सुकाणूही हलतं केलं.

१९०० आणि १९०१ च्या ग्लायडरना हिशोबापेक्षा कमी उचल मिळाली, तेव्हा त्यांना लिलिएन्थाल यांच्या तक्त्यांवर शंका आली. मग स्वतः हवेचा छोटा बोगदा करून सगळं परत मोजलं. निष्पन्न काय झालं? लिलिएन्थाल यांची मापं बहुतांशी बरोबर होती. हिशोबात सगळेच वापरत असलेला हवेच्या दाबाचा, शंभर वर्षांहून जुना आकडा चुकीचा होता. तो दुरुस्त झाला आणि १७ डिसेंबर १९०३ ला इंजिनाचं विमान उडालं. आपल्या आधीच्या सगळ्यांत लिलिएन्थाल यांचं स्थान सर्वांत वरचं, असं विल्बरने पुढे लिहून ठेवलं.

सगळ्यांनाच हा धडा वेळेत मिळाला नाही. त्यांच्याकडून ग्लायडर घेऊन शिकलेला पर्सी पिल्चर १८९९ साली इंग्लंडमध्ये उडत असताना त्याच्या ग्लायडरची शेपटी मोडली आणि तोही गेला.

अलीकडे, २०१६ साली जर्मनीच्या विमान व अंतराळ संशोधन संस्थेने १८९४ च्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती करून ती हवेच्या बोगद्यात तपासली. पंख चांगला निघाला. रचना मुळातून डळमळीत नव्हती, हेही दिसलं.

मॉडेल बांधणाऱ्यांसाठी

आता आपल्या रिमोटच्या ग्लायडरकडे बघा. लिलिएन्थाल यांच्या पायांचं काम त्यात रिसीव्हर, दोन छोट्या सर्वो मोटारी आणि एक बॅटरी करतात. एक सर्वो मागचा आडवा पट्टा वर-खाली करते, म्हणजे नाक सांभाळलं जातं. दुसरी उभं सुकाणू वळवते. पंखांची टोकं थोडी वर उचललेली असतात, त्यामुळे एका बाजूला कललं तरी ग्लायडर आपसूक सरळ व्हायला बघतं.

पण तोलाचं गणित सुटत नाही. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटं खाली धरून ग्लायडर उचलायचं. ते आडवं राहिलं पाहिजे. शेपटी खाली गेली तर गाडी उलाळ. मग बॅटरी अजून पुढे सरकवा, नाहीतर नाकात शिशाचा तुकडा ठेवा. शेपटीकडे जड असलेलं मॉडेल नाक वर करून थांबतं आणि मग कोसळतं. नाकाकडे थोडं जड असलेलं मॉडेल एक वेळ लवकर खाली येईल, पण ताब्यात राहील.

आवरण चढवताना दोन्ही पंखांवर सारखा ताण पाहिजे. एका पंखाला जास्त गरम इस्त्री लागली की तो पिळतो आणि मॉडेल कायम एकाच बाजूला वळतं. फिल्म लावल्यावर मागून एका डोळ्याने दोन्ही पंख बघा, पीळ दिसतो. जोड द्यायला गोंद हात सैल सोडून ओतू नका. शेपटीकडे टाकलेल्या एक ग्रॅम गोंदाचा तोल साधायला नाकात कितीतरी जास्त वजन घालावं लागतं, कारण शेपटी लांब असते आणि नाक आखूड.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्याच दिवशी डोंगरावर जाऊ नका. लिलिएन्थाल बागेतल्या फळीवरून सुरू झाले होते. सकाळच्या शांत हवेत, उंच गवतावर, वाऱ्याकडे तोंड करून मॉडेल हाताने सरळ सोडा. दहा-वीस वेळा. नाक उचलतंय का, दाबतंय का, कुठं वळतंय, ते वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही. हे जमल्यावर छोटा उतार, मग टेकडी. मॉडेल पडलं तर फोम तुटेल, बाल्सा मोडेल, फेविकॉलने परत चिकटेल. पण वर्दळीच्या रस्त्यावर, विजेच्या तारांजवळ आणि माणसांच्या डोक्यावरून ते उडवू नका.

आंक्लाम गावात आज लिलिएन्थाल यांच्या नावाचं संग्रहालय आहे. त्यांच्या ग्लायडरच्या प्रतिकृती तिथं टांगलेल्या आहेत. ते जिथं पडले त्या श्टोल्न गावात २३ ऑक्टोबर १९८९ ला चार इंजिनांचं एक मोठं प्रवासी विमान गवताच्या छोट्या पट्टीवर उतरवण्यात आलं. ते तिथंच कायमचं उभं आहे. त्या विमानाला नाव दिलंय लेडी आग्नेस, त्यांच्या बायकोचं.